महिन्याचा किराणा मार्टमधून आणि काडेपेटी काकांकडून?

मागच्या अंकात या पानावर विचारलं होतं की महिन्याचा किराणा तुम्ही कुठून भरता, मोठ्या मार्टमधून, ॲपवरून की गल्लीतल्या दुकानातून, आणि तिथूनच का. उत्तरं आली, पण त्याहून जास्त उलटे प्रश्नच आले. त्यातले पाच घेतेय. नावं कोणाचीच टाकत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय की आमच्या दुकानातही हे मासिक येतं.

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरात मानेवाड्यात राहतो, घरात पाच माणसं. आधी सगळा किराणा लेआउटमधल्या काकांकडूनच यायचा, सासूबाईंच्या वेळेपासून खातं आहे त्यांच्याकडे. आता दीड-दोन वर्षांपासून दर महिन्याला मोठ्या मार्टमधून आणतो, सातशे-आठशे रुपये वाचतात, आणि यांचं म्हणणं की आपण काय दान करायला बसलो का. काकांकडून आता फक्त दूध, ब्रेड आणि कधी काडेपेटी. पण मार्टमधून आलो की गाडीतून पिशव्या काढताना काका समोर बसलेले दिसतात, ते काहीच बोलत नाहीत पण मलाच कसंतरी होतं. मी चुकून राहिली का?
— एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : नाही ताई, चुकून नाही राहिल्या. पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला सातशे रुपये सोडून दे असं बसल्या जागेवरून सांगणं बरोबर नाही, मी तरी सांगणार नाही. पण ते सातशे खरंच वाचतात का हे एकदा कागदावर मांडून पाहा. मी या उन्हाळ्यात मांडलं होतं. घरची सोळा वस्तूंची यादी घेतली, सकाळी मार्टमध्ये गेले, संध्याकाळी आमच्या नेहमीच्या दुकानात त्याच वस्तूंचे भाव विचारले आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिहिले. फरक निघाला तीनशे चाळीस रुपयांचा, मार्टच्या बाजूने. म्हणजे मार्ट स्वस्त आहेच, त्यात खोटं काही नाही. पण कशात स्वस्त? तेलाचं पाकीट, कपड्याचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, हँडवॉश, सगळा कंपनीचा पॅकबंद माल. तूर डाळ, पोहे, गूळ, जवस, खोबरं, सुकी मिरची यात आमचा दुकानदार बरोबरीत नाहीतर दोन-पाच रुपये खालीच होता, कारण तो स्वतः मस्कासाथच्या ठोक बाजारात जातो, इतवारीत चार ठिकाणी भाव करतो आणि डाळ दाताखाली धरून बघून मग पोतं उचलतो. आणि माझ्या मार्टच्या बिलात यादीत नसलेल्या सहा वस्तू होत्या, पाचशे ऐंशी रुपयांच्या. त्या धरल्या तर वाचलं काहीच नाही, उलट गेले.

अजून एक, मोठं पाकीट म्हणजे स्वस्त पाकीट असं दरवेळी नसतं. आता पाकिटावर एमआरपीच्या जवळच युनिट सेल प्राइस छापावी लागते, म्हणजे ग्रॅममागे नाहीतर किलोमागे किती पडतात ते. अक्षर बारीक असतं पण असतं. ‘तेहतीस टक्के एक्स्ट्रा’ वगैरे जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याच्याऐवजी ही एवढीच ओळ वाचायची सवय लावा. आणि ‘एमआरपीपेक्षा वीस रुपये कमी’ यालाही भुलू नका. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, तेवढ्यालाच विकायचं असं बंधन नाही, त्यामुळे गल्लीतला दुकानदारही बऱ्याच वस्तू त्याखालीच देतो, तो फक्त बोर्ड लावत नाही.

मार्टला परवडतं कसं हे पण समजून घ्या, म्हणजे काकांवर उगाच राग येणार नाही की हेच आपल्याला आजवर लुटत होते. मोठी साखळी कंपनीकडून ट्रकच्या हिशोबाने थेट माल उचलते. तुमच्या काकांकडे तोच साबण कंपनी, मग डिस्ट्रिब्युटर, मग लाइनवर फिरणारा सेल्समन असा येतो आणि प्रत्येकाचं थोडं-थोडं त्यात बसलेलं असतं. बरेचदा असं होतं की दुकानदाराला ज्या भावात माल पडतो त्याच्याही खाली मार्टमध्ये तो ग्राहकाला मिळतो, मग काका कितीही प्रामाणिक असले तरी करणार काय. हे भांडण मोठं आहे, २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटर लोकांनी याच मुद्द्यावर एका मोठ्या कंपनीच्या टूथपेस्टचा पुरवठा थांबवला होता, म्हणणं एवढंच की मोठ्या दुकानांना एक भाव आणि आम्हाला दुसरा असं का.

आता जे मला खरं म्हणायचंय ते. तुम्हाला काकांसमोर कसंतरी होतं, ते मला बरोबर वाटतं, पण ते काकांच्या दयेपोटी नको. तुमच्या लेआउटच्या मागे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या असतील, मानेवाडा-बेसा भागात आहेतच, छत्तीसगडकडून, बालाघाटकडून आलेले लोक. त्यांना रोजी मिळते. संध्याकाळी हातात पैसे आले की ते दहा रुपयाचं तेल, वीस रुपयाची डाळ, पाच रुपयाचं तिखट, दोन अंडी असं घेतात आणि तीन दिवस काम नसलं तर वहीत लिहून घेतात. मार्टमध्ये दहा रुपयाचं तेल मिळत नाही आणि वहीही नसते. हे सगळं फक्त त्या कोपऱ्यावरच्या दुकानातच होतं. पण ते दुकान दहा रुपयाच्या तेलावर चालत नाही हो, त्याचं भाडं, लाइट बिल, फ्रीज हे सगळं निघतं ते तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार घरांच्या महिन्याच्या यादीवर. आपण यादी उचलून नेली आणि दूध-ब्रेड तेवढं ठेवलं की त्याचा गल्ला रिकामा होतो आणि दोन-तीन वर्षांत शटर खाली येतं. तुमच्या घरी गाडी आहे, तुम्ही पाच किलोमीटर जाऊन आणाल. मागच्या झोपडीतली बाई कुठे जाईल? आपली यादी तिच्या दहा रुपयाच्या तेलाचा खर्च उचलत असते, तिला माहीत नसतं आणि आपल्यालाही नसतं. ग्राहक म्हणून माझ्यावर काही जबाबदारी असेल तर ती इथे आहे असं मला वाटतं.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. सतरंजीपुरा, मोमीनपुरा हे भाग तर पूर्ण सील होते, बाकी शहरातही लोक घराबाहेर पडायला घाबरत होते. आमच्याकडे सामान कोणी दिलं, तर गल्लीतल्या दुकानदाराने, सगळ्यांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर घेऊन, पिशव्या बांधून गेटवर ठेवून, पैसे नंतर द्या म्हणून. त्या दिवसात साखर संपत आली तेव्हा त्याने घरी किती माणसं आहेत त्याप्रमाणे अर्धा-अर्धा किलो वाटून दिली, जास्त पैसे देतो म्हणणाऱ्याला जास्त दिली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मोठं दुकान कायमचं असतं असंही समजू नका. २००१ मध्ये सुरू झालेली बिग बाजारची साखळी, आपण सगळेच तिथे बुधवारच्या ऑफरला जायचो, २०२२ मध्ये देशभर बंद पडली. तोवर एखाद्या वस्तीतलं किराणा दुकान बसलं असेल तर ते काही परत उघडत नाही.

म्हणून मी काय करते ते सांगते. यादीचे दोन भाग केलेत. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट हे दोन-तीन महिन्यांतून एकदा मार्टमधून आणते, फरक तिथेच असतो आणि खराब होणारं काही नसतं. डाळ, तांदूळ, पोहे, गूळ, मसाला, तेल, चहा हे सगळं दुकानातून, आणि तेसुद्धा महिन्याच्या सुरुवातीला एकत्र, रोज थोडं-थोडं नाही, कारण एकत्र यादी मिळाली की त्यालाही इतवारीतून किती आणायचं ते कळतं. वर्षाचे तांदूळ भरता ना तुम्ही? ते तर त्यांनाच सांगा. महिन्याला फार तर शंभर-दीडशे जास्त जातात, ते मी जाणूनबुजून देते. तुम्हाला शंभर जमत नसतील तर पन्नासचं पाहा, आणि ज्या महिन्यात तेही जमणार नाही त्या महिन्यात अजिबात मनाला लावून घेऊ नका. आणि काकांशी बोला. सरळ सांगा की काका, साबणाचा भाव तिकडे एवढा आहे, तुम्हाला जमतं का. बहुतेक वेळा ते दोन वस्तूंत नाही म्हणतील आणि चार वस्तूंत हो म्हणतील.

प्रश्न : माझ्या बाबांचं महालात किराणा दुकान आहे, पस्तीस वर्षं झाली. लोक रात्री साडेदहाला शटर वाजवतात, बाळाला ताप आहे ग्लुकोज द्या, पाहुणे आले साखर द्या, आणि बाबा उठून देतात. तेच लोक महिन्याचं सामान मोठ्या पिशव्यांमध्ये भरून दारावरून नेतात. त्याचंही काही नाही, पण उधारी देत नाहीत. वहीत चाळीस-पंचेचाळीस हजार अडकून आहेत, आणि काही जण तर उधारी झाली म्हणून दुकानासमोरून जाणंच बंद करतात आणि रोख पैसे घेऊन मॉलमध्ये जातात. बाबा म्हणतात जाऊ दे. मला खूप राग येतो. कायद्याने काही करता येतं का?
— दुकानदाराची मुलगी, महाल

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रोख तिकडे आणि उधार इकडे, याहून वाईट वागणं मला तरी या विषयात दुसरं दिसत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं नाव कुठल्या वहीत असेल तर आज संध्याकाळी जाऊन निम्मे तरी देऊन या, आणि निम्मे नसतील तर तोंड दाखवा आणि तारीख सांगा. दुकानदाराला पैशाइतकाच त्रास माणूस तोंड चुकवतो याचा होतो.

कायद्याचं विचारलंस तर, विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, मुदतीचा १९६३ चा कायदा आहे त्यात हे आहे. त्या मुदतीत देणेकऱ्याने लिहून सही दिली की एवढे देणं आहे, तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात. म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका, महिन्याच्या शेवटी बेरीज करून खाली त्यांची सही घ्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर बेरीज पाठवा आणि ‘हो बरोबर’ एवढं तरी लेखी उत्तर घ्या. दोन-चार हजारासाठी कोर्टात कोणी जात नाही हे खरं आहे, पण सही मागायला लागलात की निम्म्या लोकांची उधारी आपोआप आटोक्यात येते, कारण सही करताना माणसाला आकडा दिसतो. आणि प्रत्येक घराची एक मर्यादा ठरवा, तीन हजार म्हणजे तीन हजार, पुढचं सामान मागचं दिल्यावर. मात्र रोजीवाल्यांना यातून थोडं वेगळं ठेवा, ते बहुतेक वेळा पगारदारांपेक्षा प्रामाणिकपणे फेडतात, तुझे बाबाही हेच सांगतील.

दुसरं, बिस्किट आणि साबणाच्या भावात मार्टशी लढू नका, त्यात तुम्ही हरणारच. तुमच्याकडे जे चांगलं आहे ते दिसू द्या. भिवापुरी मिरची, चांगली तूर डाळ, घाण्याचं जवस तेल, सांडगे-मुगवडी, वजन करून हवं तेवढं मिळणं. एक पाटी लावा आणि रोजचे दहा भाव खडूने लिहा. बरीच तरुण मंडळी दुकानात येत नाहीत ती याच कारणाने की भाव विचारायला संकोच वाटतो, मार्टमध्ये विचारावं लागत नाही. काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का आणि त्याचं सर्टिफिकेट समोर टांगा, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करून घ्यायची असतेच, मग ती ग्राहकाला दिसू दे. आजूबाजूचे पाच-सहा दुकानदार मिळून डिस्ट्रिब्युटरकडून एकत्र माल उचलला तर स्कीम चांगली मिळते, हे काही ठिकाणी लोक करूनही राहिले. आणि हाच विचार ग्राहकाच्या बाजूनेही झालेला आहे, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे, तिथे शेजारची घरं मिळून संघ करतात आणि महिन्याचं सामान एकत्र मागवतात. तुमच्या वाड्यातल्या दहा घरांनी मिळून तुझ्या बाबांना एकच मोठी यादी दिली तर बाबांनाही ठोकचा भाव मिळेल आणि घरांनाही चिल्लर भावापेक्षा स्वस्त पडेल. बोलून पाहा.

प्रश्न : मी एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. सगळे म्हणतात लहान दुकानदाराला वाचवा, मोठ्यांकडून घेऊ नका. मग आमचं काय? माझ्या घरी मी एकटी कमावते, बारावीनंतर हीच नोकरी मिळाली. आम्ही गरीब नाही का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : तू बरोबर बोललीस. आणि एक गोष्ट मी लहान दुकानांच्या बाजूची असूनही मान्य करते, की तुझ्या नोकरीत पगार एकवीस हजारापर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू होतं, वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पीएफ कापला जातो, सुट्टी कागदावर तरी असते. किराणा दुकानात पोती उचलणाऱ्या पोराला यातलं काहीच नसतं, सकाळी आठ ते रात्री दहा, आणि आजारी पडला तर मालकाच्या मनावर. लहान दुकान म्हणजे आपोआप चांगलं असं मानून चालत नाही. ज्यांच्या दुकानात असा पोरगा आहे त्यांनी हे वाचावं, आणि आपण ग्राहकांनीही कधीतरी विचारावं की भाऊ, याला सुट्टी असते का.

तुझ्या बाबतीत ग्राहकाची जबाबदारी वेगळी आहे. आठ-नऊ तास उभं राहून काम करता तुम्ही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यावीच लागेल असा कायदा केला, कपड्यांच्या दुकानातल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं लढल्या. आपल्याकडे काउंटरवरच्या मुलीला स्टूल का नाही हे गिऱ्हाइकांनी मॅनेजरला विचारलं तर फरक पडतो, कारण कामगाराने विचारलं तर त्याची नोकरी जाऊ शकते, आपली जात नाही. फीडबॅकचा फॉर्म असतो ना, त्यात लिहा. आणि दह्याचं पाकीट घेतलं, नको वाटलं, तर साबणाच्या रॅकवर टाकून जाऊ नका, जागेवर ठेवा नाहीतर काउंटरवर द्या. दोन तास बाहेर राहिलेलं दही फेकावंच लागतं, आणि ते आवरायचं काम तुझ्यासारख्या कोणाच्यातरी अंगावर दुकान बंद झाल्यावर पडतं.

प्रश्न : तुम्ही लोक नेहमी किराणावाल्यांची बाजू घेता. माझ्या इथे बेसा रोडवर दुकानदार कोल्ड ड्रिंकच्या बाटलीवर तीन रुपये जास्त घेतो, कूलिंग चार्ज म्हणे. बिल मागितलं तर म्हणतो दहा रुपयाचं बिल कशाला. सुट्टे नाही म्हणून चॉकलेट हातात देतो. ॲपवर हे काहीच होत नाही, दहा मिनिटांत सामान घरी. मग मी का जाऊ त्याच्याकडे? जबाबदारी फक्त ग्राहकाचीच का?
— मिहानमध्ये नोकरी करणारा एक वाचक

उत्तर : फक्त ग्राहकाची नाही. एमआरपीत सगळे कर आणि सगळं काही आलं, त्याच्यावर कूलिंग चार्ज घेणं बेकायदेशीर आहे. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला फ्रीज चालवायचा खर्च येतो हे मी समजू शकते, पण तो कंपनीकडून मिळणाऱ्या मार्जिनमधून काढायचा, बाटलीवर छापलेल्या किमतीच्या वर नाही. आधी त्याला शांतपणे सांगा, चार लोकांसमोर नको, एकटा असताना. नाहीच ऐकलं तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, किंवा वैध मापन विभागाकडे तक्रार करा. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे, अनुचित व्यापार पद्धत म्हणूनच धरलंय. खराब निघालेला माल परत न घेणं पण त्यातच येतं, बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरतात, त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी खराब मालाच्या बाबतीत चालत नाही. बिल मागणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखवणं, हे आपल्याकडे उगाच डोक्यात बसलंय. लहान दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असेल तर त्याच्या बिलावर जीएसटी वेगळा दिसणार नाही, त्याला तो वेगळा घेताच येत नाही, पण म्हणून बिलच द्यायचं नाही असं होत नाही.

पण ॲपवर हे काहीच होत नाही म्हणालात ते मला पटलं नाही. तिथे हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पावसाचा चार्ज हे शेवटच्या स्क्रीनवर येतात, कधी टिप नाहीतर देणगी आधीच टिक करून ठेवलेली असते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा युक्त्यांची यादी काढली, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना, आणि त्यांना मनाई केली. न विचारता बास्केटमध्ये काही टाकणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हे दोन्ही त्या यादीत आहेत. त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार तिथेही १९१५ लाच. मोठ्या दुकानांनी कॅरी बॅगचे पैसे बिलात घालायचे आणि आधी सांगायचंच नाही, यावरही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या डिसेंबरमध्ये एका साखळीला ही पद्धत बंद करायला सांगितलं, एका ग्राहकाच्या अठरा रुपयांपासून ते प्रकरण सुरू झालं होतं. तीन रुपयासाठी कोण भांडतं असं म्हणू नका. तुम्ही तीन रुपयासाठी गल्लीतल्या माणसावर चिडता, ते चिडणं बरोबरच आहे, फक्त तेवढंच ॲपवरच्या पंधरा रुपयांसाठीही चिडा, तिथे समोर माणूस दिसत नाही म्हणून आपण गप्प बसतो.

आणि दहा मिनिटं. बेसा रोडला सिमेंट रस्त्याची कामं चालू असतात, दुपारी उन्हाने डांबर मऊ होतं, त्यात ॲपचं सामान आणणारा पोरगा गाडी कशी हाणत येतो हे गेटवर उभं राहून एकदा बघा. खरंच घाई असेल तर मागवा. कोथिंबीर विसरली म्हणून भर दुपारी दोनला मागवू नका, खाली दुकान असेल तर उतरून आणा.

प्रश्न : नागपूरचं असून विचारते, संत्री मॉलमधून घ्यावी की ठेल्यावरून? मॉलमधली चकचकीत असतात, पण शेतकऱ्याला जास्त कुठे मिळतात?
— एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : चकाकी बघून संत्रं घेऊ नका. मॉलमध्ये कधीकधी ‘ऑरेंज’ म्हणून ठेवलेला तो किन्नू असतो, पंजाब-राजस्थानकडचा. त्याची साल घट्ट चिकटलेली आणि बिया जास्त. आपल्या संत्र्याची साल सैल असते, नख लावलं की सुटते, वर थोडी हिरवट झाक किंवा डाग असला तरी आत गोड निघू शकतं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालंय, म्हणून मॉलमध्ये लेबलवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, नसेल लिहिलं तर विचारा.

शेतकऱ्याचं म्हणाल तर सरळ उत्तर नाही. काटोल, नरखेड, वरूडकडचे बरेच शेतकरी फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात, मग पुढे ते कळमन्याच्या बाजारातून ठेल्यावर आलं काय किंवा मॉलमध्ये गेलं काय, शेतकऱ्याचा भाव आधीच ठरलेला असतो. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, त्यामुळे मोठी दुकानं थेट शेतातून उचलू शकतात, आणि काही शेतकऱ्यांना त्यात बरा भाव मिळतोही, पण ते एका मापाचं, डाग नसलेलं फळच घेतात आणि बाकीचं त्याच्याकडेच पडतं. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून तिकडे जाणारा मालही घटलाय, म्हणजे लहान फळ इथेच खपायला हवं. ते लहान, डागी फळ विकतो तो ठेलेवाला नाहीतर रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलेला शेतकरी स्वतः. हंगामात काटोल रोडला, अमरावती रोडला असे बसलेले दिसतात, तिथे घेतलं तर पैसे सरळ त्याच्या हातात जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार, या दोन वेळा लक्षात ठेवा, मृगाचं फळ जास्त गोड लागतं मला तरी. एक सोलून फोड मागा, देतात. गोड असेल तर लहान-मोठं निवडत बसू नका, तो देईल तशी दोन डझन घ्या.